अकामा

फहाहीलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी अर्धं सोललेलं डाळिंब,
आणि पडद्यावर त्रेचाळीस ओळी, नऊ रकाने:
प्रोग्रॅम, शहर, जागा किती,
डीओ घेतात का,
घेतात म्हणतात ते खरंच घेतात का,
कोमलेक्स पुरते की दुसरी परीक्षाही द्यायची,
व्हिसा कोणता,
ओळखीचं कोण.
नववा रकाना रिकामा. त्याला अजून नावही नाही.

आई म्हणते, "रेसिडेन्सीला एवढी वर्षं?
बाबांची तर तीन आठवड्यांत झाली होती."
आमच्या घरात रेसिडेन्सी म्हणजे अकामा.
लहानपणी मला वाटायचं, अकामा म्हणजे
ज्याला काम नाही तो.
बाबा हसले होते. उलट गं,
काम आहे तोवरच अकामा.
माझा केव्हाच गेला, बाहेर जास्त राहिले म्हणून.
आता आईबापाच्या घरी मी व्हिजिटवर येते,
परतीचं तिकीट दाखवून.

शुक्रवारी पेडणेकर काका कोळंबी घेऊन येतात.
"ऑस्टिओ म्हणजे हाडांचाच मा?
म्हणजे आमच्या कुडाळचो हाडवैद्यच मगे!"
आधी मी चिडायचे. समजावत बसायचे,
की डॉक्टरच, पूर्ण डॉक्टर, औषधं, ऑपरेशनं, सगळं,
आणि वर दोनशे तास नुसते हातांचे.
आता म्हणते, होय काका, तोच.
फक्त कर्ज जास्त.

बाबा चष्मा कपाळावर सरकवून पडदा वाचतात.
एकतीस वर्षं रिफायनरीत
शटडाउनची वेळापत्रकं लावलेला माणूस.
"हे उलटं केलंयस. आजपासून पुढे निघालीस.
शेवटच्या दिवसापासून मागे यायचं असतं.
प्लांट सुरू कधी व्हायला हवा? ती तारीख लिही."

या नव्हे, पुढच्या मार्चचा तिसरा शुक्रवार, मी म्हणते.
तिथे दुपार, इथे संध्याकाळचे सात.

"मग सप्टेंबरात अर्ज. ऑगस्टात पत्रं हातात.
त्याआधी दोन ठिकाणी महिना महिना
काम करून दाखवायचं म्हणालीस ना, ते.
म्हणजे परीक्षा जूनच्या आत."
विजेच्या बिलाच्या पाठीवर, पेन्सिलीने,
मागे मागे येत ते आजवर येऊन थांबतात.
"आणि एखादा व्हॉल्व्ह निघणारच नाही.
त्याचे पंधरा दिवस धर. नेहमी धर."

मग जरा वेळाने, तोच मार्च बोटाखाली दाबून,
"माझापण याच महिन्यात संपतो.
यावेळी रिन्यू करणार नाहीत."

आई उरलेलं डाळिंब सोलायला घेते.

पालथे झोपा, मी म्हणते. गालिच्यावर, इथेच.
उजवीकडची चौथी बरगडी
श्वासाबरोबर हलतच नाहीये.
परीक्षेत याला नाव असतं, मी ते मुद्दाम आठवत नाही.
अंगठा ठेवते आणि थांबते.
ढकलायचं नाही, हेच तर शिकवलं.
ती जिकडे कललीय तिकडेच तिच्यासोबत जायचं,
तिचा तिने हट्ट सोडेपर्यंत.
नव्वद सेकंद.
तेवढ्यात खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत
दोनदा मोठी होते, दोनदा आत जाते.
अंगठ्याखाली काहीतरी सैल होतं.
बाबा घोरायला लागलेत.

टेबलाशी परत येऊन नवव्या रकान्याला नाव देते:
हात ठेवायला वेळ देतात का.
ऑर्थोच्या अकरा ओळींपुढे काय लिहावं, कळत नाही.
त्या मी आज खोडत नाही.

आई दाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवते,
शहरांच्या रकान्यावरून बोट फिरवते,
बाबा जागे होऊ नयेत अशा आवाजात विचारते,
"यातलं सगळ्यात जवळचं कुठलं?"

कुठून, ते मी विचारत नाही.