पेर

लग्नाच्या ऑर्डरीतले चार जोड
एका रात्रीत ओरबाडले चिंगीनं.
कान फाटलेले, वेण्या उसवलेल्या,
आणि ही बया कातड्याच्या ढिगावर
हिरड्याच्या वासात गाढ झोपलेली.

मालक म्हणाले, नखंच काढून टाकू हिची.
तिकडं परदेशात काढतात म्हणं.

पिशवीत घालून शाहूपुरीत नेली.
हेरवाडे डॉक्टरीणबाईंनी तिला हातच लावला नाही,
माझं बोट धरलं,
शेवटच्या पेरावर पेनानं रेघ मारली.
"इथून. नुसतं नख निघत नाही,
हाडासकट पेर जातं. पुढच्या पंजांची दहा.
मग ती चालणार कशी, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार?
सुभाषनगरात तीस वर्षं वेणी घालते,
बारीक वादी ओढायची
ती ह्याच पेरावर.

माळ्यावरचा बाभळीचा ओंडका काढला,
ती ताठ उभी राहिली तरी पुरेल एवढा उंच.
सुंभ गुंडाळला घट्ट.
तयार जोड ट्रंकेत.
पंधरवड्याला तिला मांडीवर घेऊन
नखांची टोकं तेवढी कापते, पांढरी,
गुलाबीला धक्का न लावता.

दोन दिवस तिनं ओंडक्याकडं बघितलंसुद्धा नाही.
मग फाटक्या जोडाचा एक कान
वर खिळ्यानं ठोकला.

ऑर्डर उशिरा गेली.
गडहिंग्लजकरांनी बोलून घेतलं, घेऊ दे.

सुंभाची खरखर ऐकत
मालक रापीला धार लावतात, बोलत नाहीत.
पेनाची रेघ कधीच धुऊन गेली.
वादी ओढताना
बोट अजून तिथंच थांबतं.