घैसासबाईंचे अकरा रोल

माल्टाहून परतल्या त्या दुसऱ्या दिवशी
घैसासबाई भवानी पेठेत, माझ्या दारात.
पायात अजून तेच बूट, शिवणीत धूळ,
आणि बिस्किटाच्या डब्यात अकरा रोल.
"दस्तगीर, मोबाइलवर एकही काढला नाही.
आता सगळं तुझ्या हातात."

भूगोल शिकवायच्या. वय सदुसष्ट.
वर्गातल्या नकाशावर ज्याला टिंबसुद्धा म्हणवत नाही
त्या बेटावर एकट्या, बावीस दिवस.

दार लावलं, पंखा बंद केला.
डेव्हलपर वीस अंशांवर आणायला बर्फ लागतो,
तो समोरच्या रसवंतीतून, उधार.

ओल्या फिल्म दोरीवर, चिमट्यांना,
आणि पहिल्यांदा पाहिलं ते असं:
काळं आकाश, काळ्या भिंती, काळा घुमट,
गल्लीतून पांढऱ्या सावल्या चाललेल्या.
बाई, हे तर आपल्याच दगडाचं गाव.
"उलटं आहे रे ते. तिथला दगड पिवळा."

पिवळा म्हणजे?

चाळीस वर्षं खडक शिकवलेली बाई
शब्द शोधत उभी राहिली.
"हळदीचा नाही. पितळेचाही नाही.
सकाळी ज्वारीच्या पिठासारखा,
उन्हं कलली की, थांब,
डिंकाचा लाडू कडेला कसा दिसतो, तसा."
माझ्याकडे फक्त करडा आहे, बाई.
करड्यातला कुठला, तेवढं सांगा.

मग रोज रात्री, लाल दिव्याखाली
ट्रेच्या तळातून बेट वर येत राहिलं.
आधी बुरूज.
मग होड्यांच्या नाकाडावर रंगवलेले डोळे,
मिठागरं, खडकात कोरलेली, चौकटीला चौकट,
एक म्हातारा केरसुणीनं मीठ लोटताना.
उघड्या कातळावर दोन चाकोऱ्या
थेट कड्यापर्यंत गेलेल्या, पुढे नुसती हवा.
"कुणाच्या गाड्या होत्या?"
"माहीत नाही. नक्की कुणालाच माहीत नाही!"
भूगोलाच्या बाई हे इतक्या आनंदानं म्हणाल्या
की ती प्रिंट मी दोनदा काढली.

एका चर्चला दोन घड्याळं:
एक खरं, एक खोटं,
सैतानाची वेळ चुकावी म्हणून.
विचारलं, उठून दिसायला हवं ते कुठलं?
बाईंनी चष्मा कपाळावर चढवला,
प्रिंट नाकाशी धरली.
"सारखीच ठेव. आपण कोण सांगणारे."

नवव्या रोलात एका दुकानाची पाटी,
अक्षरं इंग्रजी, भाषा नाही.
बाईंनी वहीत टिपलेलं वाचून दाखवलं:
साबणाला सापून, किताबाला क्तीब,
सोबत्याला सीहेब.
पुन्हा म्हणा, बाई.
"सीहेब."

अब्बांनी उभ्या जन्मात साहेब म्हटलं ते
टेबलाच्या अलीकडून, टोपी हातात घेऊन.
आणि तिथे कुणीतरी तोच शब्द
खांद्यावर हात टाकून म्हणतंय,
चल, जेवायला चल.

त्या रात्री एक कागद
फिक्सरमध्ये जरा जास्तच राहिला.

अकराव्या रोलात बत्तीस फ्रेम बेटाच्या.
उरलेल्या चार इथल्या:
जिना, गॅसवरचं दूध,
रेल्वेपुलाखाली आटलेली नदी,
माझ्या दुकानाचं कुलूप.
"ह्या नकोत. रोल संपवायचा होता म्हणून आपलं."
काढल्या मी. पैसे लावले नाहीत.

गठ्ठा काखोटीला मारून बाई निघाल्या,
उंबऱ्यावर वाकून बुटाची नाडी बांधली.
त्या गेल्यावर दिसली
फरशीवर चिमूटभर धूळ, आपल्याकडची नव्हे.

तीस वर्षं मी ब्रश घेऊन
धुळीच्याच मागे लागलोय.
एक कण निगेटिव्हवर बसला तर
आकाशाला भोक पडतं.
ही मात्र बोटानं गोळा केली,
दाराबाहेर उजेडात नेऊन पाहिली,
परत आत आणून, लाल दिव्यात पाहिली.
कागदाची पुडी केली.
पुडीवर पेन्सिलनं लिहिलं:
रंग बाईंना विचारणे.