काकड

पंपरूममागे, गटाराच्या झाकणालगत
चार शेवळं उगवली होती,
जांभळट, मूठ आवळल्यासारखी.
वर्तमानपत्रात गुंडाळून
लिफ्टने अकराव्या मजल्यावर नेली.

आतली पिवळी दांडी काढायची, एवढं ठाऊक होतं.
कांदा, खोबरं, फोडणी. वास झकास.
दुसऱ्याच घासाला
घशात मुंग्यांचं वारूळ फुटलं.

मुलुंड स्टेशनबाहेर बसणारी सोनकीबाई
आधी पोटभर हसली, मग गुळाचा खडा दिला.
"शेवळं नेलीत. आन काकडं?
नुसती शेवळं कुनी शिजवतं का, सायेब?
जोडीनं आलेली हायेत ती."
हिरव्या आंबट गोळ्या तिने मोजल्या नाहीत,
ओंजळभर ओतल्या.
"झाड बघून ठेवा. शेवळं हायेत म्हंजे
तितंच कुटंतरी आसंल."

गेटवर पालिकेची विटलेली नोटीस अजून होती.
रोज तिच्याखालूनच गाडी काढतो.
झाड क्रमांक सतरा, काकड, तोडणे.
कारण: वाहनतळ.
अर्जदार: सचिव. म्हणजे मी.

पंपरूमशेजारी वॉचमन बसतो
तो ओंडका निरखून पाहिला.
वॉचमन उठून उभा राहिला, उगाच.

गूळ कधीच विरघळला.
खाज आहे.