फोन ठेवू नका

सिडको. रात्रीचे पावणेतीन.
हेल्पलाइनवरच्या मुलीनं सरळच विचारलं,
"जीव द्यावासा वाटतोय का?"
पगारही कुणी मला
इतका सरळ विचारला नव्हता.

हो म्हणालो.
ती दचकली नाही.
"जवळ कोण आहे?"
कोणी नाही. म्हणजे, वर खैरनार राहतात,
नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर्ड,
पार्किंगवरून भांडण आहे आमचं.
"त्यांचं दार वाजवा. मी आहे फोनवर."

बावीस पायऱ्या.
खैरनारांनी दार उघडलं, कानटोपीत.
माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं.
"चपला राहू दे, आत ये."

मंगळवारी सिव्हिलला
त्यांच्याच स्कूटरवर गेलो.
केसपेपरच्या रांगेत ते माझ्यामागे,
नंबर पुटपुटत.

स्कूटर अजून
माझ्याच जागेवर लावतात.