पापण्या

तान्ह्या पोळ्याला नऊ दिवस उरलेले,
चितार ओळीत माझ्या दुकानापुढे
सत्तावीस नंदी आंधळे उभे.
डोळे मी शेवटी काढतो.

प्लासिद किबुंडा, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला,
गाव गुंगू, काँगोतलं.
कामठी रोडवरून सायकलीनं आला,
एका नंदीच्या वशिंडाला नाक लावलं.
म्हटलं, पांगारा आहे. हलका. पोट्ट्यांना ओढता आला पाहिजे ना भौ.
"आमचंही हलकंच," तो म्हणाला,
"तोंडावर चढवून रात्रभर नाचावं लागतं."

मोबाइलवर मुखवटा दाखवला.
तांबडी माती चोळलेली, भुवई सलग एकच,
आणि पापण्या अर्ध्या उतरलेल्या,
उठवायला आलेल्याला थांब म्हणाव्या तशा.
मी तेहतीस वर्षं फक्त टक्क उघडे डोळे काढत आलो.

मग सांगत बसला, हिंदी-मराठीची खिचडी करत.
अकराव्या वर्षी मुकांदाला नेलं. रानात कुंपण.
आयांना सांगतात, मुखवटा पोरं गिळणार.
त्याची आई वाटेत आडवी पडून रडली.
कितव्या तरी रात्री गिळणारा समोर आला,
राफियाच्या झिपऱ्या, हातात छडी.
ह्याची चड्डी ओली.
गिळणाऱ्यानं आपलं तोंड काढून काखेत धरलं
आणि शिंकला.
मामा होता.

"एवढंच?"
"एवढंच. फक्त आईला सांगायचं नाही."

नवं नाव घेऊन घरी आला.
आईनं पान वाढलं, आणि पाठमोरी होत विचारलं,
मामाची सर्दी कशी आहे?
हा म्हणाला, कुठला मामा?
तिनं मान हलवली, अजून एक मासा वाढला.

मी ब्रश धूत होतो, धुतच राहिलो.
नंदी आपले डोळे पोळ्याच्या पहाटे आपणच उघडतात
असं मला दहा वर्षांचा होईस्तोवर माहीत होतं.
मग एका रात्री बाबांनी उठवलं,
खारीच्या केसांचा ब्रश हातात दिला. "आता तू."
रडलं कोणी नाही. नाव तेच राहिलं.
सकाळी धाकटी यमू विचारत आली, डोळे कोणी उघडले रे?
मी काळी बोटं पाठीमागे घेतली.

सत्ताविसावा नंदी प्लासिदला दिला.
त्यानं जीभ दातात धरून
पापण्या अर्ध्यावर आणून सोडल्या.
तो नंदी कोणी घेईना.

पोळ्याच्या दिवशी, चार वाजता,
फुग्याच्या बाह्यांची एक पोरगी त्याच्यापुढे बसली.
"हा झोपला का, काका?"
प्लासिद माझ्याकडे पाहत होता.
मला काय माहीत, मी म्हटलं,
आणि दोरी बांधून दिली.