पोकळ अनुस्वार

शेळवणचा मिनीन जहाजावर होता.
सत्त्याण्णव साली सुटीवर आला तेव्हा
सगळ्यांना साबण, चॉकलेटं, मेव्हण्याला घड्याळ,
आणि मला, कुडचड्याच्या काट्यावरच्या कारकुनाला,
एक कॅसेट.
"स्वीडनची. लुलेओच्या धक्क्यावर घेतली," म्हणाला,
"तिथंही खनिजच भरतात रे. बर्फ फोडून."

लेबल त्याच्या खिशातल्या घामानं पुसलेलं.
उरलं होतं एकच अक्षर,
रोमन ए, आणि त्याच्या डोक्यावर वाटोळं कडं.
मी मराठी शाळेतला.
मला तो अनुस्वारच वाटला,
आत शाई भरायची राहून गेलेला.

पहिल्या गाण्यात एक मुलगी, एक गिटार,
आणि रिकामा डबा बडवावा तसा ड्रम.
तिचा सूर जरासा उतरलेला. तिला ते ठाऊक होतं
आणि तिनं तो तसाच राहू दिला होता.
तिथंच मी अडकलो.

टिप्पर यायचे. रिकामं वजन, भरलेलं वजन,
पावती फाड, पुढचा.
लाल धूळ टेपच्या फिरकीत शिरली
की दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं
एक स्वर खाली बसायचं. मला तेच खरं वाटू लागलं.
एका दुपारी काट्यावर कॅसेट ठेवून पाहिली.
वीस किलोखालचं त्याला काही कळत नसे.
शून्य, म्हणाला काटा.

"एक शब्द तरी कळतो?" सुलक्षा विचारायची.
आरतीतलं तरी सगळं कुठं कळतं, मी म्हणायचो.
शिगम्यात घुमट गळ्यात अडकवलं
आणि हात आपसूक त्या डब्याच्या ठेक्याला गेला.
पुनो मास्तरांनी डोळे वटारले.
दोन आवर्तनांनंतर तेही त्यात आले.

बर्फ मला माहीत होता तो बाजारातला,
भुसा चिकटलेला, बांगड्यांवरचा.
त्यावरून मी तो देश रचला:
अख्खं गाव मासळीच्या पेटीत जपून ठेवलेलं,
आणि आत कुणीतरी हळू गातंय,
नासू नये म्हणून.

मग खाणी बंद झाल्या.
टिप्पर ओळीनं उभे, जुन्या टायरांत पाणी, पाण्यात बेडूक.
काट्याच्या खोलीची किल्ली कुणी परत मागितली नाही.
मी जात राहिलो.
मिनीन गुडघे घालवून घरी आला होता.
त्याला लुलेओ आठवत नव्हतं.

पाळोळ्याला, भावाच्या शॅकवर, भेटली ती बाई.
इंगेला नाव, साठीची, नाकावर पांढरं मलम.
मी टेप लावला.
ती ऐकत राहिली, मध्येच खुदकन हसली.

वीस वर्षं मी समजत होतो, त्या मुलीला कुणी सोडून गेलंय.
तसलं काही नव्हतं.
त्यांच्या इमारतीत कपडे धुवायची एकच खोली,
ज्यानं त्यानं आपला वार वहीत लिहायचा.
हिचा मंगळवार कुणीतरी खोडला,
आणि ही मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन
जिन्यात उभी.
एवढंच.

मी हसायला गेलो आणि
सार्वजनिक नळावर मागे सरकवलेली आईची घागर आठवली.
आई काही बोलली नव्हती.
फडक्याची चुंबळ पुन्हा पुन्हा वळत राहिली होती.

"आणि हे?" मी वाळूत ते अक्षर काढलं,
कडं घालून.
"ओ," ती म्हणाली, ओठ गोल करत.
"एवढ्या एका अक्षराचा शब्द होतो आमच्यात.
छोटी नदी."

शेवटच्या बसनं कुडचड्याला उतरलो,
पूल चालत ओलांडला. खाली जुवारी,
बार्ज नाही, दिवा नाही.
मी ओठ गोल करून पाहिले.

"काय म्हणाली बाई?" सुलक्षानं दार उघडता उघडता विचारलं.
म्हटलं, उद्या वार कुठला?
मंगळवार असेल तर
कपडे मी धुतो.