धावपट्टीकडे उघडणाऱ्या खिडक्या

फॉर्म गुलाबी होता, दोन पानी.
नाव, वय, मूळ गाव, भाडेकरू असल्यास मालकाचं नाव,
आणि सातव्या रकान्यात:
धावपट्टीकडे उघडणाऱ्या खिडक्या किती?

मी लिहिलं, दीड.
शिपाई तांडेल हसले नाहीत.
मोरीची खिडकी अर्धी बुजवलीय, मी म्हटलं,
उरलेल्या अर्ध्यातून वाऱ्याची दिशा सांगणारी
ती कापडी सोंड तेवढी दिसते.
त्यांनी दीड खोडलं. दोन केलं.

जुहूचं विमानतळ ते केवढं!
कुंपणावर ओणवा शेवगा, गवतात बगळे,
दिवसाकाठी थोडी हेलिकॉप्टरं,
समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवून परतणारी.
भाऊंनी इथल्या क्लबात एकतीस वर्षं विमानांचे पत्रे ठोकले
आणि निवृत्त होताना कान तिथेच विसरून आले.
रोज डायरीत लिहायचे:
सात वीस. निळं. शेपटीचा आवाज घोगरा.
नऊ पाच. पांढरं, मागल्या आठवड्यातलंच.
दुपारी काही नाही. आमटी खारट.

चौकीबाहेर आदेश लागला तो मंगळवारी.
पतंग, फुगे, ड्रोन, खेळण्यातली विमानं, लेझरचा झोत,
साठ दिवस मनाई.
साठ संपले की त्याच्यावरच नवा कागद, पुन्हा साठ.
खळीचे थर इतके चढलेत
की आदेश आता भिंतीपासून बोटभर पुढे आलाय.

सोसायटीने गच्चीला कुलूप घातलं.
कुरडया कुठे वाळवायच्या, विचारलं,
तर लोबोबाई म्हणाल्या, वरून सूचना आहे.
वरून म्हणजे कुठून?
आमच्या वर तर गच्चीच आहे.

मग तिघे आले. चपला बाहेर काढून, अगदी रीतसर.
पानं उलटता उलटता एकाने विचारलं,
हे ‘खारट’ म्हणजे कोण?
आमटी, भाऊ म्हणाले.
कसली?
तुरीची.
त्यांनी तेही लिहून घेतलं.
अकरा डायऱ्या, पंचनामा, माझी सही, शेजारच्या कर्णिकांची सही.
चहा घेतला. आलं छान लागलंय, म्हणाले.

नाल्यापलीकडच्या शादाबला चहा कुणी विचारला नाही.
तेरा वर्षांचा. त्याचा कटलेला पतंग
कुंपणाच्या तारेत अडकला, आणि तो काढायला गेला, एवढंच.
त्याची आई रात्री अडीचपर्यंत चौकीच्या बाकावर,
शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून
छातीशी धरून.
मी दुधाला म्हणून पहाटे गेले तेव्हा
बाक रिकामा होता, पिशवी खाली पडलेली.

भीती मलाही आहे.
एका जुलैत आमच्या ऑफिसातली हेमांगी घरी पोचली नाही.
तिचा डबा तीन दिवस माझ्या टेबलाखाली होता.
तेव्हापासून कुणाची नसलेली बॅग दिसली
की मी जागा बदलते, आणि लाजते, आणि तरी बदलते.
म्हणून फॉर्म भरला. प्रत्येक वेळी भरते.
फक्त सातव्या रकान्याशी
पेन जरा थांबतं.

भाऊ आता लिहीत नाहीत.
खुर्ची भिंतीकडे फिरवून बसतात,
आवाज आला की अंगठा पेरावर सरकतो.
परवा तांडेल तिमाही तपासणीला आले,
खिडक्या मोजल्या, दोनच भरल्या,
आणि निघताना दारातच थबकले:
काका, हे आत्ता गेलं ते कुठलं हो?
भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.
मग म्हणाले, मला कमी ऐकू येतं हल्ली.

डायऱ्या परत आल्या, सुतळीने बांधून. दहा.
अकरावी अजून तपासात आहे.
तिच्यात आई गेली तो दिवस आहे.
त्या पानावर भाऊंनी काय लिहिलं, मला ठाऊक नाही.
इतकी वर्षं ती कपाटात होती, हाताशी,
मी उघडली नाही.

आता कुणीतरी वाचतंय.